मूल रात्री जिथे झोपते, ती जागा शासनाच्या यादीत हवी

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, महिला व बालविकास आयुक्तालय, पुणे
प्रत : सर्व जिल्हाधिकारी

विषय : अठरा वर्षांखालील मुले ठेवणाऱ्या सर्व निवासी संस्थांची नोंदणी आणि तपासणी

महोदय / महोदया,

दर वर्षी जूनमध्ये राज्यातली हजारो मुले पेटी आणि वळकटी घेऊन घराबाहेर पडतात. कोणी आश्रमशाळेत जाते, कोणी समाजकल्याणच्या वसतिगृहात. कोणी नीट-जेईईच्या तयारीला लातूरच्या खासगी होस्टेलवर, कोणी भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादमीत, कोणी कोल्हापूरच्या तालमीत, कोणी आळंदीला वारकरी शिक्षणासाठी, कोणी मदरशात, कोणी वेदपाठशाळेत. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की हंगामी वसतिगृहे भरतात. आणि घरच्यांना आवरत नाहीत अशी काही मुले ‘संस्कार’, ‘सुधार’, ‘व्यसनमुक्ती’ असे शब्द पाटीवर असलेल्या ठिकाणी पोहोचवली जातात.

एखाद्या तालुक्यात अशा एकूण किती जागा आहेत आणि तिथे आज रात्री किती मुले झोपणार आहेत, हे विचारल्यावर खात्रीने सांगू शकेल असा एकही अधिकारी त्या तालुक्यात नसतो. तहसीलदार नाही, गटशिक्षणाधिकारी नाही, पोलीस निरीक्षकही नाही. ज्या जागेची माहितीच नाही तिची तपासणी होणार नाही, आणि तिथे काही घडले तर ते बातमी होऊनच आपल्यापर्यंत येणार.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. आईवडिलांशिवाय राहणारी अठरा वर्षांखालील मुले जिथे रात्री झोपतात, अशी प्रत्येक जागा शासनाकडे नोंदलेली असावी. पाटीवर काय लिहिले आहे, कोणता विभाग अनुदान देतो, फी घेतली जाते की नाही, याने त्यात फरक पडू नये.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये यासाठी लागणारी बरीचशी यंत्रणा आधीच आहे. कलम ४१ नुसार बालगृह, निरीक्षणगृह, खुले निवारागृह, दत्तक संस्था अशा सर्व बाल देखभाल संस्थांना नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते. नोंदणी न करता संस्था चालवली तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अर्ज करायला झालेला प्रत्येक तीस दिवसांचा उशीर वेगळा गुन्हा धरला जातो. कायदा कडक आहे, यात शंका नाही. पण तो लागू होतो ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली’ किंवा ‘विधिसंघर्षग्रस्त’ (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली) मुले ठेवणाऱ्या संस्थांना. वडिलांनी स्वतः आणून सोडलेला, वर्षाची फी भरलेला, अकादमीत राहणारा चौदा वर्षांचा मुलगा यात बसतो का, हा प्रश्न आला की संचालक हात वर करतात आणि अधिकारीही.

तमिळनाडूतील अनाथाश्रमांमधील शोषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी निकाल दिला. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची कायद्यातली व्याख्या नमुन्यादाखल आहे, तिचा अर्थ व्यापक घ्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सर्व संस्थांची नोंदणी वर्षअखेरपर्यंत पूर्ण करा, असाही आदेश त्यात होता. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या समितीचा देशभरातल्या बाल देखभाल संस्थांवरचा अहवाल आला. ९,५८९ संस्था मोजल्या गेल्या आणि २०१६ च्या स्थितीनुसार त्यांतल्या जेमतेम ३२ टक्के संस्थांची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी होती. ज्या संस्थांना कायदा निःसंशय लागू होता त्यांची ही अवस्था. ज्यांना तो लागू होतो की नाही यावरच वाद आहे, त्यांची मोजणीसुद्धा झालेली नाही.

विभागवार वाटणी हे यामागचे मोठे कारण आहे. अनुसूचित जमातींच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे, शासकीय वसतिगृहे सामाजिक न्याय विभागाकडे, दिव्यांग मुलांच्या निवासी शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आणि हंगामी वसतिगृहे शिक्षण विभागाकडे, क्रीडा प्रबोधिनी क्रीडा विभागाकडे, बालगृहे आपल्याकडे. प्रत्येकाचा तपासणीचा नमुना वेगळा, निकष वेगळे. एका विभागाने काढून टाकलेला अधीक्षक दुसऱ्या विभागाच्या संस्थेत रुजू झाला तर ते कळण्याची सोय नाही. आणि जे पूर्ण खासगी आहे ते यांतल्या कोणाच्याच खात्यात नाही.

खासगी जागांच्या पाटीवर मात्र ‘शासनमान्य, नोंदणी क्रमांक अमुक’ असे ठळक लिहिलेले असते. हा क्रमांक बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडच्या न्यास नोंदणीचा असतो, नाहीतर दुकान परवान्याचा किंवा लघुउद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीचा. धर्मादाय कार्यालय हिशेब आणि विश्वस्तांचे बदल पाहते. मुले कुठे झोपतात हे पाहणे त्याचे काम नाही. पालकांना हा फरक कोणी सांगत नाही. मुले ठेवण्याचा परवाना नसलेल्या जागेने ‘शासनमान्य’ हा शब्द वापरण्यावर बंदी घालणे शासन निर्णयाने होण्यासारखे आहे. त्यासाठी विधेयकाची वाट पाहू नये.

नवीन कायदा करायचा तर पुढे वाट आहे. तमिळनाडूने २०१४ मध्ये महिला व मुलांची वसतिगृहे आणि निवासगृहे यांच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा केला आणि परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. शैक्षणिक संस्थांच्या वसतिगृहांसाठी राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या चांगल्या आहेत, पण सूचनाच आहेत. कोचिंग केंद्रांसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये सूचना दिल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा हवी, असे त्यांत आहे. मुलगा वर्गात सहा-सात तास असतो. उरलेले सतरा तास तो जिथे काढतो त्या खोलीबद्दल या सूचना जवळजवळ काही बोलत नाहीत.

यादी कशी करायची, हा पहिला व्यावहारिक प्रश्न. संस्थांनी स्वतःहून अर्ज करावेत असे आवाहन काढून भागणार नाही. ज्या जागांची काळजी वाटावी, त्या अर्ज करत नाहीत. यादी बाहेरून बांधावी लागते आणि त्याचे धागे शासनाकडे आहेत. गावात बांधलेली किंवा भाड्याने घेतलेली मोठी इमारत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला माहीत असते. पन्नास मुलांचे जेवण शिजते तिथे व्यावसायिक सिलिंडर जातात आणि अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी असते किंवा असायला हवी. वीजबिलाचा वापर सांगतो की हे घर आहे की वसतिगृह. सर्वांत बोलका धागा शाळेच्या पटाचा आहे. अनेक अकादमींतली मुले पटावर एका शाळेची, राहायला दुसऱ्या तालुक्यात, अशी असतात. शाळेत हजेरी लागते, परीक्षेला मूल येते, वर्षभर मात्र ते तिथे नसते. यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीवरच्या नोंदी आणि प्रत्यक्ष हजेरी तालुकावार ताडून पाहिली, तर अशी मुले कुठे आहेत हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आशा सेविका आणि पोलीस पाटील यांना एकच प्रश्न विचारावा : तुमच्या गावात बाहेरगावची मुले कुठे राहतात? उत्तर एका दिवसात मिळते.

यादीत काय असावे, हेही ठरवून द्यावे. जागेचा पत्ता आणि इमारतीचा मालक. चालवणाऱ्याचे नाव आणि त्याने याआधी चालवलेल्या संस्था. हा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण बंद पडलेली संस्था नाव बदलून शेजारच्या जिल्ह्यात उघडते. मुलांची मंजूर संख्या, प्रत्यक्ष संख्या, वयोगट, मुलगे-मुली. रात्री हजर राहणाऱ्या प्रौढांची नावे आणि त्यांच्या पोलीस पडताळणीची तारीख. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथपर्यंत जायचे वाहन कोणते. शेवटच्या तपासणीची तारीख आणि निघालेल्या त्रुटी. मुलांची नावे वगळून हे सगळे संकेतस्थळावर तालुकावार दिसले पाहिजे. फी भरण्याआधी पालकाला मोबाइलवर एवढे पाहता आले तर निम्मे काम तो स्वतः करील.

पोलीस पडताळणीबद्दल एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते, कारण हा नियम फारसा कोणी वाचलेला नाही. पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांतील नियम ३ प्रमाणे मुले राहतात किंवा मुलांशी नियमित संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने, त्यात शाळा, पाळणाघरे आणि क्रीडा अकादमी यांची नावे आहेत, कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा न शिकवणारा, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आहे. म्हणजे आचारी, पाणी भरणारा, मुलांना ने-आण करणारा चालक हेही आले. हा नियम अकादमींना आजच लागू आहे. अकादमींची यादीच नसल्याने तो कागदावर राहिला आहे.

आता निकष. केंद्राच्या बाल न्याय आदर्श नियम, २०१६ मध्ये ५० मुलांच्या संस्थेसाठी २५-२५ मुलांच्या दोन शयनदालनांची, म्हणजे प्रत्येक मुलामागे ४० चौरस फुटांची, पाच न्हाणीघरांची आणि आठ शौचालयांची तरतूद आहे. राज्याचे स्वतःचे बाल न्याय नियम २०१८ चे आहेत. सर्व प्रकारच्या निवासी जागांना पहिल्या दिवसापासून हेच मोजमाप लावा, असा आग्रह आम्ही धरणार नाही. भाड्याच्या घरात चालणाऱ्या वीस मुलांच्या तालमीत ग्रंथालयाची खोली नाही म्हणून तिला टाळे लावणे शहाणपणाचे नाही. पण काही गोष्टींत सवलत असूच नये. प्रत्येक मुलाला स्वतःचे अंथरूण आणि कुलूप लागणारी पेटी. शयनदालनातून शौचालयात जायच्या वाटेवर रात्रभर दिवा. शौचालयाला आणि न्हाणीघराला आतून लागणारी कडी. बाहेर पडायला दोन वेगळ्या वाटा आणि त्यांतली एकही रात्री बाहेरून कुलूपबंद नाही. मुली असतील तर रात्री तिथेच राहणारी स्त्री कर्मचारी. मुलांच्या दालनात कोणताही प्रौढ झोपणार नाही, त्याची खोली लगत पण वेगळी असेल. आणि २५ मुलांमागे किमान एक प्रौढ रात्री जागा असेल.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण गंभीर घटना बऱ्याचदा रात्री घडतात आणि त्या वेळेचीच व्यवस्था सर्वांत कच्ची असते. आदर्श नियमांत १०० मुलांच्या संस्थेसाठी चार गृहमाता किंवा गृहपिता सुचवले आहेत. चार जण पाळ्यांत वाटले, साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरली, की रात्रीच्या पाळीला हाती एकच माणूस उरतो. तोही दिवसभर काम करून झोपलेला असतो. मग मोठ्या मुलांमधून ‘मॉनिटर’ नेमले जातात आणि दालन त्यांच्या ताब्यात जाते. लहान मुलांना होणारी मारहाण, लैंगिक छळ, खाऊ आणि पैशांची वसुली या सगळ्याचे मूळ बऱ्याचदा या मॉनिटर पद्धतीत असते. संचालकाला ती सोयीची वाटते, कारण एका पगाराची बचत होते. मुलांवर शिस्तीचा अधिकार दुसऱ्या मुलाला देता येणार नाही, असे नियमात स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. रात्रीच्या माणसाने दर तासाला फेरी मारून वेळ टाकलेली सही करावी, आणि ती वही तपासणीत पहिली मागावी. सगळ्या सह्या एकाच शाईने एकाच बैठकीत केलेल्या असतील तर ते डोळ्यांना लगेच कळते.

आगीचा विषय लोकांना दूरचा वाटतो. खासगी होस्टेलांत तो रोजचा आहे. राहत्या इमारतीचे मजले घेऊन खोल्या पाडलेल्या, खिडक्यांना पक्के गज, जिन्यात गॅसच्या टाक्या, एका बोर्डावर सहा मोबाइल आणि एक पाणी तापवायची कांडी. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. वसतिगृहाच्या नोंदणीला हे प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. मुलांकडून वर्षातून दोनदा रात्रीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव करून घ्यावा. दिवसाचा सराव या कामी फारसा उपयोगी नाही. झोपेतून उठलेले मूल चप्पल शोधत बसते.

तपासणीकडे वळतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हा तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्था पाहायची आहे. पथकात किमान तीन सदस्य, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल एका आठवड्यात आणि त्यावर कारवाई एका महिन्यात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. बालकल्याण समितीनेही महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या आहेत. एवढे असूनही बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर होणारे लैंगिक अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले, ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक अंकेक्षणातून, म्हणजे बाहेरच्यांनी मुलांशी बोलून केलेल्या पाहणीतून. नेहमीच्या तपासण्या त्याआधी होतच होत्या. त्या का फसतात, हे समजून घेतल्याशिवाय भेटींची संख्या वाढवण्यात अर्थ नाही.

पहिले कारण, भेट आधी कळते. गाडी मागवली, वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र गेले, की संस्थेत फोन जातो. त्या दिवशी नवीन चादरी, जेवणात गोड पदार्थ, आजारी मुले घरी. दुसरे कारण वेळ. सकाळी अकरा ते एक, म्हणजे मुले शाळेत असतात तेव्हा भेट होते. तिसरे, तपासणारा आणि अनुदानाची शिफारस करणारा एकाच कार्यालयातले असतात. कडक अहवाल म्हणजे आपल्याच कार्यालयावर ठपका. चौथे, नमुना ४६ हा तपासणीचा फॉर्म भरण्यातच सगळा वेळ जातो. रकाने ‘आहे’ आणि ‘नाही’ यांत भरतात. तक्रारपेटी? आहे. ती शेवटची कधी उघडली, हे विचारायला रकाना असला तरी कोणी थांबत नाही.

म्हणून वर्षातल्या चारपैकी किमान दोन भेटी न कळवता, आणि त्यांतली एक संध्याकाळी सातनंतर व्हावी. पथक शेजारच्या जिल्ह्यातले असावे. कोणती संस्था पाहायची ते गाडीत बसल्यावर उघडायच्या लिफाफ्यात असावे. आत गेल्यावर कार्यालयात चहाला बसू नये, थेट शयनदालनात जावे. अंथरुणे मोजावीत, टूथब्रश मोजावेत, ताटे मोजावीत आणि मग हजेरीपट मागावा. अंथरुणे पटापेक्षा जास्त निघाली तर बिननोंदीची मुले आहेत. कमी निघाली तर अनुदानासाठी पट फुगवला आहे किंवा दोघे-दोघे एका अंथरुणात झोपतात. दोन्ही गंभीर आहे. कोठारातल्या तांदूळ-डाळीचा साठा आणि गेल्या महिन्याची बिले ताडून पाहिली की मुलांच्या ताटात किती पडते याचा अंदाज येतो. पण खरे उत्तर वजनाच्या नोंदीत आहे. प्रत्येक मुलाचे दरमहा वजन घेतले आणि तीन महिने ते वाढलेच नाही असे निम्म्या मुलांच्या बाबतीत दिसले, तर भिंतीवरचा आहारतक्ता वाचायची गरज उरत नाही.

औषधांची वही पाहावी. खरूज, उवा आणि पोटदुखी यांच्या नोंदी वारंवार दिसल्या तर पाणी आणि अंथरुणे पाहा. रात्रीची अंथरुणे ओली होण्याचे प्रमाण मोठ्या वयाच्या मुलांत अचानक वाढलेले दिसले तर ती शिस्तीची बाब समजू नये. तिथे मुलाशी बोलायला प्रशिक्षित समुपदेशक पाठवावा. पळून गेलेल्या मुलांची नोंदवही स्वतंत्र असावी, आणि पळून परत आलेल्या प्रत्येक मुलाशी पथकाने बोललेच पाहिजे. मूल पळते ते बहुधा कशापासून तरी. त्याला पकडून आणल्यावर ‘का पळालास’ हे ज्याच्यापासून ते पळाले त्यानेच विचारायचे, ही आजची रीत आहे.

मुलांशी बोलण्याची पद्धत लेखी ठरवून द्या. संस्थेने पुढे केलेल्या मुलांशी बोलून उपयोग नाही. पटावरचे दर आठवे नाव, शिवाय सर्वांत लहान, सर्वांत नवीन आणि गेल्या सहा महिन्यांत आजारी पडलेली मुले निवडावीत. कर्मचारी दिसणार नाहीत आणि ऐकू येणार नाही अशी जागा हवी. ‘इथे कसं वाटतं?’ या प्रश्नाला ‘चांगलं’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारावे : काल रात्री जेवायला काय होतं? उशिरा उठलं तर काय होतं? घरी फोन कधी केलास, तेव्हा जवळ कोण उभं होतं? रात्री पोटात दुखलं तर कोणाला उठवतोस? कुठल्या जागी जायला भीती वाटते? मुलांची नावे अहवालात घालू नयेत. आणि पहिल्या भेटीनंतर दोन-तीन आठवड्यांत त्याच मुलांना दुसऱ्यांदा भेटावे. बोलल्याबद्दल मार पडला असेल तर ते तेव्हा कळते. ही दुसरी भेट होणार आहे हे संस्थेला ठाऊक असले, तर मार पडण्याची शक्यताही कमी होते. बालसंरक्षणाच्या तपासणीत ही एकच सुधारणा करायची म्हटली तर आम्ही हीच निवडू.

तक्रारपेटीचा नियम मुळात विचारपूर्वक केलेला आहे. पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि दर आठवड्याला संस्थेतल्या मुलांच्या बाल समितीसमोर उघडायची. प्रत्यक्षात ती अधीक्षकाच्या दाराशेजारी टांगलेली असते आणि किल्ली त्याच्याच खणात. खासगी होस्टेलांत तर पेटीच नाही. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर रंगवलेला असतो, पण फोन कार्यालयात कुलपात. प्रत्येक निवासी जागेत मुलांना एकट्याने वापरता येईल असा एक चालू फोन असावा. पालकांशी आठवड्यातून किमान दोनदा, कोणी न ऐकता बोलता यावे. ‘पहिले चाळीस दिवस घरी फोन नाही’ असला नियम कोणत्याही कारणाने चालू देऊ नये. हा नियम आढळला की बाकीची तपासणी दुप्पट काळजीने करावी.

वर्तन सुधारण्याच्या नावाने चालणाऱ्या केंद्रांचा वेगळा विचार करावा लागेल. मूल ऐकत नाही, मोबाइल सोडत नाही, गुटखा खाते, घरातून पैसे चोरते, अशा तक्रारींनी थकलेले पालक त्याला तिथे ठेवतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या बाबतीत फार स्पष्ट आहे. कलम ८७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्य आस्थापनेत दाखल करायचे तर तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, त्याच्यासोबत त्याचा प्रतिनिधी पूर्ण वेळ राहावा लागतो आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. कलम ९५ प्रमाणे साखळीने बांधायला मनाई आहे. हे टाळण्यासाठी केंद्रे स्वतःला ‘उपचार केंद्र’ म्हणवतच नाहीत, ‘संस्कार शिबिर’ म्हणवतात. अठरा वर्षांखालील मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध राहायला लावणारी आणि वर्तन बदलण्याचा दावा करणारी जागा, नाव काहीही असो, या कायद्याखाली नोंदणीशिवाय चालणार नाही, असा आदेश आरोग्य विभागासोबत काढावा. मध्यरात्री गाडी पाठवून मुलाला घरून उचलून नेण्याची ‘सेवा’ जी जागा देते, तिच्याबद्दल चौकशी करायला आणखी पुरावा लागू नये.

पालक आणि मूल दोघांनाही बांधून ठेवणारी एक पद्धत पूर्णपणे बंद व्हायला हवी. वर्षाची फी जूनमध्येच घेतली जाते, आणि शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, आधार कार्ड हे मूळ कागद संचालकाकडे जमा राहतात. मूल ऑगस्टमध्ये रडत फोन करते तेव्हा बाप विचार करतो : काढले तर पैसे गेले, कागद मिळणार नाहीत, वर्ष वाया जाईल. मग मुलालाच समजावले जाते. मूळ कागद ठेवून घेणे हा नोंदणी रद्द होण्याचा आधार असावा. फी तीन महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ घेता येऊ नये. मूल मध्येच काढले तर उरलेल्या दिवसांचे राहण्या-जेवणाचे पैसे परत मिळावेत.

आता कारवाईबद्दल. संस्था वाईट निघाली की एका दुपारी पोलीस येतात, मुले गाडीत बसवतात, चार संस्थांत वाटून टाकतात. भावंडे वेगळी होतात, शाळा तुटते, चालू औषधाची चिठ्ठी मागे राहते. कोणाचे बयाण कोण घेणार हे ठरलेले नसते. अशा बंदीनंतर मुलांचे काय झाले, हे सहा महिन्यांनी कोणी विचारत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ मध्येच यावर उपाय आहे. नोंदणी रद्द झाली किंवा रोखली गेली तर ती परत मिळेपर्यंत संस्था राज्य शासनाने चालवायची आहे. म्हणजे माणसे बदला, मुलांना हलवू नका. प्रत्येक जिल्ह्यात एक प्रभारी अधीक्षक, दोन गृहमाता, एक गृहपिता आणि एक समुपदेशक असे राखीव पथक नावानिशी तयार असावे, जे चोवीस तासांत एखाद्या संस्थेचा ताबा घेऊ शकेल. इमारतच धोकादायक असेल तर हलवावे लागेल. त्या वेळी प्रत्येक मुलासोबत त्याची वैयक्तिक काळजी योजना, औषधे आणि कपड्यांची पेटी जाईल आणि भावंडे एकत्र राहतील, हे लेखी सक्तीचे असावे.

कर्मचाऱ्याने मारल्याच्या प्रकरणात बाल न्याय कायद्याचे कलम ७५ लावायचे टाळले जाते. मुलांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या माणसाने क्रूर वागणूक दिली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला पोक्सोच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आपसांत मिटवले असे चौकशीत दिसले, तर मिटवणाऱ्यावर वेगळा गुन्हा नोंदवावा. हे दोन-तीन ठिकाणी झाले की बाकीचे कळवायला लागतील.

यातून परवान्यांचा नवा जाच सुरू होईल, प्रामाणिक लहान संस्था कागदांत बुडतील आणि पैसे खाणाऱ्यांना नवे कुरण मिळेल, ही भीती खरी आहे. आम्ही ती हलकी मानत नाही. गावातला एक शिक्षक आपल्या घरात ऊसतोड कामगारांची आठ मुले सांभाळतो, त्याच्याकडून अग्निशमन आराखडा मागणे चूक ठरेल. म्हणून नोंदणी सर्वांना, पण परवाना टप्प्याने असावा. दहापर्यंत मुले असतील तर एका पानाची माहिती, पोलीस पडताळणी आणि भेटीला दार उघडे. दहाच्या वर पन्नासपर्यंत आधी सांगितलेले किमान निकष, ते पूर्ण करायला एक वर्ष, आणि त्या वर्षात जिल्हा बाल संरक्षण कक्षाने मदत करायची, नुसती नोटीस काढायची नाही. पन्नासच्या वर पूर्ण परवाना. अर्ज ऑनलाइन, पोचपावती लगेच, आणि मुदतीत निर्णय न दिल्यास अधिकाऱ्यावर जबाबदारी. बाल न्याय कायद्यात सहा महिन्यांत अर्ज निकाली न काढणे ही कर्तव्यात कसूर मानली आहे. तेच तत्त्व इथे लावावे. तपासणीचा अहवाल त्याच दिवशी संस्थेला प्रत म्हणून मिळाला आणि संकेतस्थळावर चढला, की त्यावर घासाघीस करायला जागा राहत नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल. पण जिल्हाधिकाऱ्यांनी तालुकावार यादी करण्यासाठी, ‘शासनमान्य’ शब्दाचा गैरवापर थांबवण्यासाठी, मूळ कागद परत देण्याच्या आदेशासाठी, पोक्सो नियमांतली पडताळणी अकादमींना लागू करण्यासाठी आणि संध्याकाळच्या न कळवता होणाऱ्या भेटींसाठी आजचे अधिकार पुरेसे आहेत. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी पहिली यादी, अपुरी असली तरी, प्रसिद्ध करावी. गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस निरीक्षक यांनी एका टेबलावर बसून ती भरायची आहे. त्यासाठीचा तक्ता, मुलांना विचारायच्या प्रश्नांचा संच आणि रात्रीच्या भेटीची क्रमवार सूची आम्ही तयार केली आहे. आयुक्तालयाने मागितल्या दिवशी ती विनामूल्य देऊ, आणि ज्या जिल्ह्यात पथकांना प्रशिक्षण हवे असेल तिथे येऊ.

आपले,
बालसंरक्षण, सामाजिक अंकेक्षण आणि बाल मानसिक आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे कार्यकर्ते व व्यावसायिक